आडनावाचे मूळ आणि घराण्याची खूण

मंडणगड तालुक्यातल्या वेळासचे भानू पुण्याला गेले आणि फडणीस झाले. त्याच तालुक्यातल्या आंबडव्याच्या सकपाळांना गावावरून आंबडवेकर हे नाव पडले आणि शाळेत त्याचे आंबेडकर झाले. बाणकोटची खाडी ओलांडून उत्तरेला गेले की श्रीवर्धन लागते. तिथल्या बाळाजी विश्वनाथ भटांना 1713 मध्ये पेशवेपद मिळाले आणि त्यांचे घराणे पेशवे याच नावाने ओळखले जाऊ लागले. दिवसभरात पाहून होतील अशी ही तीन गावे. दोन घराण्यांची नावे हुद्द्यामुळे बदलली, एकाचे गावावरून पडले. आज कोणी नुसत्या 'फडणीस' या शब्दावरून त्याच भानू घराण्यातल्या नाना फडणिसांचे मूळ शोधू लागला, तर तो वेळासला कधीच पोहोचणार नाही, कारण फडणिशी अनेक दरबारांत होती आणि ती सांभाळणारी घराणीही अनेक होती.

आपल्या आडनावाचा शोध घेण्याची इच्छा अलीकडे पुष्कळांना होते. मुले परदेशी असतात, नातवंडे विचारतात, घरात एखादे लग्न निघते आणि देवक कोणते, कुलदैवत कुठले यावर चर्चा सुरू होते. ही इच्छा चांगली आहे आणि तिला योग्य वाट मिळाली पाहिजे. म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो: आडनाव म्हणजे घराणे नव्हे. एक आडनाव शेकडो घराण्यांचे असते आणि एकाच घराण्याची चार आडनावे असतात. घराण्याचा माग लागतो तो गाव, कुलदैवत, देवक किंवा गोत्र आणि कागद या चार गोष्टींवरून. आडनाव ही फक्त सुरुवात.

उदाहरणे हवी तेवढी आहेत. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार, निंबळक गावावरून निंबाळकर झाले. जतचे डफळे मूळचे चव्हाण, डफळापूरवरून डफळे. मुधोळचे घोरपडे स्वतःला भोसल्यांची शाखा मानतात आणि घोरपडीच्या साहाय्याने किल्ला चढल्याची कथा सांगतात. मंगेशकर हे नाव मंगेशीवरून, घराणे हर्डीकरांचे. उलट बाजूने पाहा. गायकवाड हे बडोद्याच्या राजघराण्याचे नाव, तसेच बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांचेही. शिंदे, पवार, जाधव, मोरे, कांबळे ही नावे किती जातींत आणि किती प्रांतांत आहेत याची मोजदाद करणे अवघड. तेव्हा समान आडनाव पाहून 'आपण त्यांच्यातलेच' असे ठरवू नये. आणि आडनाव वेगळे म्हणून भाऊबंदकी नाकारूही नये.

आडनावे पडली कशी, हे थोडक्यात समजून घेतले तर शोध सोपा होतो. 'कर' लागलेली नावे बहुधा गावावरून आली. पण ती गाव सोडल्यावर पडतात. होळ गावात राहणाऱ्याला कोणी होळकर म्हणत नाही, तो बाहेर पडला की म्हणतात. म्हणून 'कर' नाव हा स्थलांतराचा पुरावा समजावा. आपल्या नावातले गाव हे पूर्वजांचे शेवटचे सोडलेले गाव असते, मूळ गाव असेलच असे नाही. बेने इस्रायली समाजाची नावे याच रीतीची आहेत: किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. धर्म वेगळा, पण नाव ठेवण्याची तऱ्हा कोकणाची.

दुसरा मोठा वर्ग वतनांचा. पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे, जोशी, चौगुले, सरदेसाई. या नावांखाली जुने उपनाव दडलेले असते. 'पाटील' लावणाऱ्या घरात वडीलधाऱ्यांना विचारा, ते सहज सांगतील की आपण मूळचे अमुक. तिसरा वर्ग गुणांवरून, प्रसंगांवरून, धंद्यावरून पडलेल्या नावांचा. इथे फार जपून राहावे, कारण नाव आधी असते आणि कथा नंतर तयार होते. बडोद्याचे गायकवाड मूळचे पुणे जिल्ह्यातल्या दावडीचे. पूर्वजाने गायींचा कळप वाचवण्यासाठी किल्ल्याचे कवाड उघडले, म्हणून गायकवाड, अशी कथा त्या घराण्यात सांगितली जाते. कथा जपावी, मुलांना सांगावी, वहीत लिहावी. पण 'घराण्यात चालत आलेली कथा' या मथळ्याखाली. ती नांदेडच्या किंवा नाशिकच्या गायकवाडांना लागू होत नाही.

काही ठिकाणी उलटे झाले आहे: गावालाच आडनाव चिकटले. तळेगाव दाभाडे, तळेगाव ढमढेरे, वडगाव निंबाळकर. अशा गावांत त्या घराण्याचे वाडे, देवळे, शिलालेख असण्याचा संभव मोठा. त्या आडनावाच्या माणसाने तिथे एकदा जाऊन यावेच.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. सुरुवात घरातूनच करायची, आणि पहिल्यांदा घरातल्या वयस्क बायकांपासून. पुरुषांना सातबारा माहीत असतो, कुलाचार बायकांना माहीत असतो. नवरात्रात घट कसा बसतो, चंपाषष्ठीला तळी भरतात का, लग्नानंतर गोंधळ घालतात की बोडण भरतात, देवघरात टाक किती आणि कोणत्या देवांचे, नैवेद्याला कोणता पदार्थ चालत नाही, ही सगळी माहिती आत्या, आजी, मोठ्या जाऊबाई यांच्याकडे असते. आणि आडनाव बदलले तरी कुलाचार सहसा बदलत नाही. दोन वेगळ्या आडनावांच्या घरांत कुलदैवत एक, देवक एक आणि मूळ गाव एक निघाले, तर ती घरे एका मुळाची असण्याचा संभव गंभीरपणे तपासावा. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन पिढ्यांची नावे घेतली जातात. ती लिहून घेतली की निम्मे शतक तरी मागे जाता येते. ऐकलेले सगळे त्याच दिवशी लिहा, कोणी सांगितले आणि केव्हा सांगितले तेही लिहा.

वंशावळ लिहिताना मुलींची नावे गाळू नका. आपल्या जुन्या वंशावळींचा हा फार मोठा दोष आहे. मुलगी कुठल्या घरी दिली आणि सून कुठून आणली हे कळले, तर घराण्याचा व्यवहार कोणत्या टापूत होता हे कळते आणि मूळ गावाचा अंदाज येतो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत आईचे नावही वडिलांच्या नावाआधी लागते. पुढच्या शोधकांचे काम त्यामुळे सोपे होईल. मागच्या पिढ्यांची उणीव आपणच भरून काढली पाहिजे.

घरानंतर तहसील कार्यालयातला अभिलेख कक्ष. लेखी अर्ज करून, फी भरून नकला मिळतात. फेरफार नोंदवहीतल्या वारस नोंदी ही वंशावळीची सर्वांत भरवशाची साखळी, कारण जमीन कोणाकडून कोणाकडे गेली यात खोटे टिकणे कठीण. मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने हक्कनोंदीला सुरुवात झाली, त्यामुळे त्या भागात साधारण चार-पाच पिढ्या या कागदांतच सापडतात. गाव नमुना 14, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातले जन्म आणि मृत्यू नोंदलेले असतात. विदर्भात बंदोबस्ताच्या मिसली पाहाव्यात. मराठवाड्यातले निजामकाळचे पुष्कळ कागद उर्दूत आहेत, तिथे वाचणारा माणूस बरोबर हवा. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. त्या वेळी जिल्ह्याजिल्ह्यांतले जुने दप्तर बाहेर काढून तपासले गेले, मोडी वाचणाऱ्यांना बोलावले गेले. त्या कामातून पुष्कळ कागद आता पाहण्याजोगे झाले आहेत. आपल्या गावचे झाले आहेत का, हे तालुक्याला विचारून घ्या.

शाळेचे प्रवेश रजिस्टर फार मोलाचे असते. साताऱ्याच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेबांची भिवा रामजी आंबेडकर या नावाने नोंद झाली आणि तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. आडनाव नेमके केव्हा कायम झाले याचा पुरावा अनेक घराण्यांच्या बाबतीत अशाच रजिस्टरात असतो. त्याआधीच्या कागदांत आडनाव नसणे ही सामान्य गोष्ट आहे. तिथे 'अमुक बिन तमुक' किंवा 'अमुक वलद तमुक', पुढे मौजे आणि गाव, एवढेच येते. भीमा कोरेगावच्या स्तंभावरची महार सैनिकांची नावे पाहा, ती 'नाक' या शेवटाची आहेत, आडनावाची नाहीत. म्हणून जुन्या दप्तरात आडनाव शोधत बसू नये. पूर्वजाचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि गाव, ही तिन्ही एकत्र शोधावीत.

वतनदार घराण्यांना आणखी एक वाट आहे. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशन नेमले गेले आणि इनामदारांना आपला हक्क कागदांनिशी सिद्ध करावा लागला. त्या निमित्ताने वंशावळी, कैफियती, सनदांच्या नकला सरकारात दाखल झाल्या. स्वातंत्र्यानंतर वतने रद्द झाली: परगणा व कुलकर्णी वतनांचा कायदा 1950 चा, कनिष्ठ गाववतनांचा 1958 चा, पाटीलकीचा 1962 चा. वतन खालसा होताना हक्कदारांच्या याद्या तयार झाल्या आणि त्यांत भाऊबंदांची नावे, वाटण्या, सगळे आले. महार वतनाच्या जमिनींच्या कागदांतही पिढ्यांची नावे सापडतात. ज्यांना वाटते की आमच्या घराण्याचे कागद कुठून असणार, त्यांनी हे कागद मुद्दाम मागावेत. गावगाड्यात प्रत्येकाचा हक्क होता आणि जिथे हक्क तिथे तंटा, जिथे तंटा तिथे कागद.

पेशवाईतल्या कागदांसाठी पुण्याचे पुराभिलेखागार. पेशवे दप्तर तिथे आहे. गो. स. सरदेसाई यांनी त्यातल्या निवडक कागदांचे 45 खंड 1930 नंतरच्या काही वर्षांत संपादून काढले. ते मोठ्या ग्रंथालयांत मिळतात आणि त्यांच्या सूचीत आपले गाव पाहणे ही उत्तम पहिली पायरी. मूळ कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि त्यांची मांडणी प्रांतवार, विषयवार आहे, आडनावानुसार नाही. त्यामुळे गाव पूर्वी कोणत्या परगण्यात, कोणत्या तर्फेत होते हे आधी माहीत हवे. इतिहासाचार्य राजवाडे आणि मेहेंदळे यांनी 1910 मध्ये स्थापन केलेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ इथेही कौटुंबिक दप्तरे आली आहेत. मुंबईचे पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. कोल्हापूर संस्थानचे कागद कोल्हापुरात.

कागद मोडीत असणार हे गृहीत धरा. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते, तिथे शिकता येते. मोडी वाचायला लागणारा खरा वेळ अक्षरांवर जात नाही. शब्द तोडून लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते, नेहमीचे शब्द संक्षेपाने येतात, त्यावर तो जातो. एकाच लेखकाच्या हातचे पाच-सहा कागद सलग वाचले की हात ओळखीचा होतो. सनांचा हिशेबही आधी पाठ करावा: शकात 78 किंवा 79 मिळवले की इसवी सन येते, फसलीत 590 किंवा 591, सुहूर सनात 599 किंवा 600, राज्याभिषेक शकात 1673 किंवा 1674. कागदावर 'सन' एवढाच शब्द असेल तर तो कोणता सन हे ठरवल्याशिवाय काळ लिहू नये. फसली आणि सुहूर यांची गल्लत झाली की कागद नऊ वर्षे पुढेमागे सरकतो आणि बापाच्या जागी मुलगा येतो.

कागदांच्या बाहेर माणसांनी जपलेल्या वह्या आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी, पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यायांची चोपडी, हरिद्वार आणि गयेच्या पंड्यांच्या वह्या. यात्रेकरू आला की स्वतःचे, बापाचे, आजाचे, मुलांचे नाव आणि गाव लिहून जात असे, पुष्कळदा सहीसकट. तिथे आडनावापेक्षा गाव आधी विचारतात, कारण वह्या गावावार लावलेल्या असतात. दक्षिण महाराष्ट्रात, कोल्हापूर, सांगली आणि पलीकडे कर्नाटकात, हेळवी दारोदार येऊन वंशावळ म्हणून दाखवतात. पूर्वी नंदी घेऊन फिरत, आता वाहनाने येतात. त्यांच्याकडच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. आपल्या गावात हेळवी केव्हा येतात हे विचारून ठेवा, त्या दिवशी घरी राहा आणि त्यांचा मान द्या. माझ्या मते या माणसांच्या वह्या सरकारी दप्तराइतक्याच किमती आहेत आणि त्या जाण्याचा धोका जास्त आहे.

गोव्यातल्या घराण्यांची वाट थोडी वेगळी. पोर्तुगीज अमलात धर्मांतर झालेल्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळाले, त्यामुळे फर्नांडिस किंवा डिसोझा या नावावरून काहीच कळत नाही. कळते ते गावकारीतल्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेतल्या, वांगडावरून. गावकारांच्या कुळांना वांगड म्हणतात आणि कोमुनिदादच्या, म्हणजे गावकारीच्याच, कागदांत ती नोंदलेली असतात. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा 1595 मध्ये दियोगु दु कौतुच्या नेमणुकीपर्यंत जाते, आणि तिथे पोर्तुगीजबरोबर मराठी, मोडी कागदही आहेत. मॉरिशसच्या मराठी घराण्यांत बापाचे किंवा आजोबाचे नावच आडनाव झाले. त्यांच्यासाठी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतली मजुरांची नोंदणी आहे, जिच्यात बापाचे नाव, जात, गाव, जिल्हा अशी माहिती लिहिलेली असते. मॉरिशसहून कोणी आपल्याकडे गाव शोधत आले, तर गावाचे नाव फ्रेंच-इंग्रजी कानांनी ऐकून लिहिलेले आहे हे लक्षात ठेवून मदत करावी.

आता चिन्हाकडे वळू. इंटरनेटवर आणि मॉलमध्ये 'तुमच्या आडनावाचे राजचिन्ह' म्हणून ढाल, सिंह, मुकुट असलेल्या चौकटी विकायला ठेवलेल्या असतात. त्या घेऊ नका. युरोपातली ढालचिन्हे आडनावाला दिली जात नव्हती, ती एका व्यक्तीला आणि तिच्या थेट वंशजांना दिली जात. लंडनचे कॉलेज ऑफ आर्म्स 1484 पासून हे काम करते आहे आणि आडनावाचे म्हणून कोणते चिन्ह नसते, असेच ते सांगते. स्मिथ आडनावाच्या माणसालाच 'स्मिथांचे चिन्ह' लावण्याचा हक्क नाही, तिथे मोरे किंवा कुलकर्णी यांना ढाल कुठून येणार.

मग ग्वाल्हेरच्या चिन्हात नाग दिसतो, इंदूरच्या चिन्हात घोडा आणि बैल दिसतात, ते काय? ती चिन्हे या पाश्चात्त्य रूपात मुख्यतः 1 जानेवारी 1877 च्या दिल्ली दरबारापासूनची. व्हाइसरॉय लिटनने त्या दरबारात संस्थानिकांना रेशमी ध्वज दिले आणि त्यांवरची चिन्हे रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या एका इंग्रज सनदी अधिकाऱ्याने युरोपीय रीतीने आखली होती. आतला आशय मात्र घराण्यांचा होता. नाग शिंद्यांच्या घराण्यातल्या कथेतला. होळकरांचा घोडा खंडोबाचा, बैल महादेवाचा. चौकट परकी आणि मजकूर घरचा, असे ते मिश्रण आहे. त्या संस्थानिकांच्या आडनावबंधूंनी ती चिन्हे आपली म्हणून लावणे बरोबर नाही. ती त्या गादीची आहेत.

म्हणजे आपल्याकडे घराण्याच्या खुणा नव्हत्या असे नाही. उलट फार जुन्या आहेत. ताम्रपटांत राजांची बिरुदे वाचली की तीन गोष्टी हटकून येतात: मूळ नगर, ध्वज आणि लांछन. शिलाहार स्वतःला तगरपुरवराधीश्वर म्हणवत, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरशी नाते सांगत, आणि त्यांचा ध्वज सुवर्णगरुडाचा. देवगिरीचे यादव द्वारावतीपुरवराधीश्वर. बदामीच्या चालुक्यांचे लांछन वराह. कदंबांचे लांछन सिंह, ध्वज वानराचा, नगर बनवासी. गोव्याच्या सरकारी बसवर आज दिसणारे सिंहाचे चिन्ह त्या गोवा कदंबांची आठवण आहे. शतके आधी सोडलेल्या गावाचे नाव मिरवण्याची ही रीत आणि आपली 'कर' नावे यांत मला एकच भावना दिसते.

यावरून लगेच कदम म्हणजे कदंब, शेलार म्हणजे शिलाहार, साळुंखे म्हणजे चालुक्य, जाधव म्हणजे यादव, मोरे म्हणजे मौर्य असे जोडले जाते. नावांचे साम्य खरे आहे. कदमांच्या बाबतीत आणखी एक धागा आहे: त्यांच्यात कळंबाचे, म्हणजे कदंबाच्याच झाडाचे, देवक सांगितले जाते आणि शिमोगा जिल्ह्यातल्या ताळगुंदच्या शिलालेखात कदंबवंशाचे नाव घराजवळच्या कदंबवृक्षावरून पडल्याचे सांगितले आहे. धागा सुंदर आहे. पण बनवासीच्या राजापासून आजच्या एखाद्या कदमांच्या घरापर्यंत नावानिशी साखळी जोडता येत नसेल, तर 'परंपरा' म्हणावे, 'वंश' म्हणू नये. शहाण्णव कुळींच्या याद्यांबद्दलही हेच. वेगवेगळ्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून एका यादीत नाव नाही यावरून खंत करू नये आणि आहे यावरून गर्वही.

राजांची लांछने राजांबरोबर गेली. सामान्य घराण्यांची खूण टिकली ती देवकात. लग्नाआधी देवक बसते तेव्हा कुठे कळंबाची डहाळी, कुठे पंचपल्लव, कुठे मोराचे पीस, कुठे शंख, कुठे कमळ, कुठे तलवार पुजली जाते. एक देवक असलेल्यांत सोयरीक होत नसे, त्यांना भाऊ मानत. ढालीवरच्या चिन्हापेक्षा हे मला श्रेष्ठ वाटते, कारण ते विकत मिळत नाही, दरबारातून मिळत नाही, आणि शेतमजुराच्या घरीही सरदाराइतकेच असते. एन्थोवेनच्या मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवरच्या तीन खंडांत (1920 ते 1922) अनेक कुळांची देवके नोंदलेली आहेत. ती ताडून पाहायला उपयोगी आहेत, पण घरात चालत आलेले देवक पुस्तकापेक्षा खरे माना. देवक म्हणून पुजलेले झाड तोडायचे नाही, ही जुनी मर्यादाही पुढच्या पिढीला सांगा.

दुसरी खूण निशाणी. गावच्या महजरांवर, म्हणजे निवाड्याच्या कागदांवर, पाटलाच्या नावापुढे 'निशाणी नांगर' असे लिहिलेले आणि नांगराची छोटी आकृती काढलेली आढळते. बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करत. लिहिता न येणाऱ्या माणसाची ही सही, आणि तिला न्यायात पूर्ण मान होता. आपल्या घराण्याच्या एखाद्या कागदावर अशी निशाणी सापडली, तर तिच्यासारखे अस्सल कुलचिन्ह दुसरे नाही. तिचा स्वच्छ फोटो काढून मोठा करून घरात लावा. कुठल्याही सिंह-मुकुटाच्या चौकटीपुढे तो उजळून दिसेल.

तिसरी खूण मुद्रेची, पण ती हुद्देदार घराण्यांपुरती. कागदाच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब असे. शिवाजी महाराजांची मुद्रा संस्कृतात होती हे सर्वांना माहीत आहे. पेशव्यांच्या मुद्रांत छत्रपतींचे नाव आधी आणि स्वतःचे नंतर येत असे. मुद्रा माणसाबरोबर बदलते, म्हणून मुद्रा वाचता आली की कागदाचा काळ निश्चित होतो. घरी जुना शिक्का असेल तर तो घासून चकचकीत करू नका, कागदावर ठसा घेऊन जाणकाराला दाखवा.

कुणाला घराण्यासाठी नवे चिन्ह करावेसे वाटले तर जरूर करावे. देवकाची डहाळी, मूळ गावची नदी किंवा डोंगर, पूर्वजांचे अवजार, कुलदैवताचे वाहन यांतून चांगला चित्रकार सुंदर आकृती करील. तिच्याखाली ती कोणत्या वर्षी केली ते लिहा, म्हणजे तीन पिढ्यांनी कोणी तिला शिवकालीन म्हणणार नाही. अशोकस्तंभाची सिंहमुद्रा तिच्यात घेऊ नका, 2005 च्या कायद्याने ती वापरायला मनाई आहे.

जमवलेले सगळे लिहून काढा. कोकणस्थांच्या आणि इतर अनेक कुळांच्या कुलवृत्तांतांचे नमुने ग्रंथालयांत आहेत, ते पाहावेत. थोरले उदाहरण हवे असेल तर तंजावरचे आहे. सरफोजी राजांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवला आणि तो आजही वाचता येतो. आपल्याला वही पुरते. फक्त प्रत्येक ओळीपुढे तीन शब्दांपैकी एक लिहा: कागद, तोंडी, किंवा अंदाज. एवढे केले की ती वही पुढच्या शोधकाला उपयोगी पडते, नाहीतर त्याला सगळे पुन्हा पहिल्यापासून तपासावे लागते.

आणि ट्रंकेत, माळ्यावर, देवघराच्या फडताळात मोडीचे कागद असतील, तर हे काम पुढच्या सुट्टीपर्यंत ठेवू नका. त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, उन्हात वाळवू नका. घडी हलक्या हाताने उघडा, उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, धुतलेल्या सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. फोटोंचा एक संच भाऊबंदांना द्या आणि एक जवळच्या संशोधन मंडळाला किंवा पुराभिलेखागाराला. कागद वाचता येत नाही म्हणून रद्दीत देऊ नका. वाचणारे आहेत, त्यांना विचारा.